जाडी

माझं काम सांगायला सोपं होतं.
तळहाताहून जरा मोठं यंत्र, काळं,
पोटात सिमकार्ड, वर काच.
नाव अजून ठरलं नव्हतं,
पाठीवर चिकटपट्टी आणि आकडा: सतरा.
ते घेऊन हिंडायचं
आणि एकच पान पुन्हा पुन्हा उघडायचं.

ओउलूच्या बाजारचौकात, चार सेकंद.
इस्पितळाच्या तळघरात, एकोणचाळीस.
लिफ्टमध्ये, नाही.
यॉर्मा गाडी हाकायचा, मी वहीत लिहायचे.
उद्या लोक याच्यात जग पाहतील, असं साहेब म्हणायचे.
मी पाहायचे रस्ते खात्याचं एक करडं पान,
कारण ते हलकं होतं
आणि चाचणीला हलकंच पान लागतं.

फेब्रुवारीत समुद्राची पाळी आली.
हायलुओतो बेटाकडे हिवाळ्यात बर्फावरून रस्ता जातो,
दोन्ही अंगांना फरच्या फांद्या रोवलेल्या,
मधे गाड्या, एकमेकींपासून लांब लांब,
भांडण झालेल्या भावंडांसारख्या.
उणे चोवीस.
अशा थंडीत बॅटरीही माणसासारखीच,
उराशी धरली तरच बोलते.
सतरा नंबर मी स्वेटरच्या आत ठेवला.
यॉर्मा म्हणाला, बाळंतीण दिसतेस.

रस्त्याच्या कडेपासून शंभर पावलांवर बाबा बसले होते
लाकडी खोक्यावर, भोकात गळ सोडून.
बाजूला चार मासे, थिजून लाकूड झालेले.
“काय गं, या पाटीवर काय दिसतं?”
“सगळं. तुम्ही बसलात त्या बर्फाची जाडीसुद्धा.”
“बघू.”

मी बोट टेकवलं.
निळी पट्टी सरकली. थबकली. सरकली.
खात्याचं चिन्ह आलं, मग तारीख,
मग अक्षरं, एकेक करत,
उंबऱ्यावर बूट झटकून आत येणाऱ्या पाहुण्यांसारखी:
बर्फाची जाडी
आणि दोन टिंबं.
टिंबांच्या पुढे पांढरं.
“पुढे?”
“येतंय.”
एक मिनिट. दोन. यॉर्माने गाडीतून हात हलवला.
“येतंय,” मी पुन्हा म्हटलं,
कोऱ्या काचेची बाजू घेत.

बाबा उठले. गुडघे वाजले.
टोकाला आकडी असलेली काठी भोकात सोडली,
आकडी बर्फाच्या पोटाला खालून अडकवली,
काठीवर अंगठा दाबून धरला आणि वर काढली.
“सत्तावन्न. लिही.”
मी वही उघडली.
“वहीत नाही, त्याच्यात.
का तिकडून इकडेच येतं फक्त?”

खात्याचा पत्ता पानाच्या तळाशी असायचा, मला पाठ होता.
मोजे काढून, बोटं बधिर होईपर्यंत,
सत्तावन्न सेंटीमीटर, मोजणार ताउनो केस्किनिवा.
तीन सेकंदांत गेलं.
पान यायला तयार नव्हतं, पण निरोप गेला.
का, ते यॉर्मालाही सांगता आलं नाही.
खात्याचं उत्तर कधी आलं नाही.
वहीत त्या दिवसापुढे मी रेघ मारली.

सतरा नंबर बाजारात उतरलाच नाही.
आमची इमारत आधी अर्धी रिकामी झाली, मग पूर्ण,
आता तिथे व्यायामशाळा आहे.
ज्या लहरींवर ते यंत्र बोलायचं
त्याही बंद केल्या, एका ठरलेल्या मंगळवारी,
पत्राने कळवून.

परवा खणात चार्जर शोधताना ते सापडलं.
तासभर वायर लावून ठेवलं तेव्हा कुठे जागं झालं
आणि शेवटचं पान त्याला अजून आठवत होतं:
चिन्ह, तारीख, बर्फाची जाडी, दोन टिंबं.

बाबांकडे घेऊन गेले.
ते खिडकीशी बसतात, तिथून खाडी दिसते.
यंदाही रस्ता उघडला नाही,
जानेवारीभर लाटांचा आवाज येत होता.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
यंत्र नाकाजवळ धरलं,
टिंबांच्या पुढच्या पांढऱ्यावर अंगठा ठेवला,
काठीवर ठेवायचे तसाच.

“आता बरोबर दाखवतंय,” म्हणाले,
आणि कॉफी मागितली.